कोरडीतलं लाल चाक

गोदीला साठ वर्षं पूर्ण होणार म्हटल्यावर वरच्या साहेबांना एकदम इतिहासाचा उमाळा आला. एरवी जुन्या कागदांचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठ्या चढायच्या. आता मात्र ग्रंथ हवा होता, तोही असा जाडजूड की पाहुण्याच्या हातात ठेवला तर पाहुणा जरा वाकला पाहिजे. काम आलं दप्तरखान्यातल्या एकुलत्या एका बाईंकडे, म्हणजे मिस्त्रींच्या लेकीकडे.

मिस्त्री गोदीतले निवृत्त सुतार. पाणबुड्या बांधणाऱ्या गोदीत सुताराचं काय काम, हा प्रश्न त्यांना जन्मभर इतक्या लोकांनी विचारला होता की हल्ली ते उत्तराऐवजी नुसते हसायचे. पण काम होतं, आणि सगळ्यात आधीचं काम त्यांचंच होतं. पाणबुडी पोलादाची होण्याआधी लाकडाची व्हायची. पूर्ण मापाची, आत शिरून हिंडता येईल अशी. कारण कागदावर जो पाइप सुतासारखा सरळ जातो तो प्रत्यक्षात माणसाच्या कपाळातून जातो, हे कागदाला कळत नाही. आत चार माणसं वाकून, घासून, टेंगळं आणून बाहेर आली की कळतं. म्हणून प्रत्येक पाइप, प्रत्येक बाकडं, प्रत्येक चाक आधी लाकडाचं. मग ड्रॉइंग दुरुस्त, मग पोलाद. त्या लाकडी पाणबुडीला पाण्याचा थेंब कधी लागायचा नाही, म्हणून कामगारांनी तिचं नाव ठेवलं होतं कोरडी.

गोदीनं पुढे सहा पाणबुड्या पाण्यात सोडल्या. सहाही जणींची आई ती कोरडीच. तिची फळकुटं मात्र केव्हाच चहाच्या भट्टीत गेली होती.

लेकीनं सहा महिने मान मोडून काम केलं. सुरुवातीची पंधरा वर्षं गोदीनं नुसत्या टगबोटी आणि गाळ काढायची जहाजं दुरुस्त केली, तेव्हा आवारात एकच क्रेन होती आणि तिलाही ढकलावं लागायचं, असलं काय काय तिनं खणून काढलं. पहिली पाणबुडी बांधायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत गोदीचे तीन मोठे साहेब बदलले आणि तिघांनीही आपल्या भाषणात ती पुढच्या वर्षी पूर्ण होईल असं सांगितलं, हेही तिला सापडलं. ते साहेबांनी खोडलं.

एका रविवारी ती छापखान्यातून आलेले कच्चे कागद घेऊन घरी आली. घरात दोघंच, आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मिस्त्री जेवायला बसले होते. तिनं एक कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं पान. तुम्हाला आधी दाखवायचं नव्हतं, पण मलाच दम निघेना."

पानावर त्यांचा फोटो होता. सव्विसाव्या वर्षीचा, मिशा धड न फुटलेला, हातात लाल रंगाचं लाकडी चाक धरलेला. खाली लिहिलं होतं : 'आपत्कालीन व्हॉल्वचं चाक शिडीच्या डावीकडे बसवणं ही आपल्या गोदीची खास कल्पना. संकटात खलाशाचा उजवा हात शिडीचा कठडा धरायला मोकळा राहावा, हा विचार लाकडी नमुना करतानाच एका तरुण सुतारानं मांडला. सहाही पाणबुड्यांत चाक आजवर तिथेच आहे.'

मिस्त्रींनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ताट बाजूला सारलं आणि हात धुवायला उठले.

"आवडलं नाही?" लेक म्हणाली.

"छान आहे."

"मग जेवण का टाकलं?"

"भूक मेली," मिस्त्री म्हणाले. "छापायला कधी जाणार हे?"

"शुक्रवारी. का, फोटो बदलायचाय? मिशांवरून हसतील म्हणून?"

मिस्त्रींनी डाव्या हातानं पेला उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

मिस्त्री डावखुरे होते. शाळेत गुरुजींनी हातावर पट्ट्या मारमारून लिहायला उजवा हात लावला होता, त्यामुळे लिहिणं उजव्यानं आणि बाकी सगळं आयुष्य डाव्यानं. गोदीत सगळ्यांना ते माहीत होतं. माहीत असून एके दिवशी सगळे विसरले, आणि त्यात मिस्त्रीही होते.

कोरडीत चाकांच्या जागा ठरवायची एक पद्धत होती. तिला म्हणायचे हात टाकणं. ड्रॉइंगवर जागा पक्की नसायची, नुसतं लिहिलेलं असायचं की हाताला येईल तिथे. मग ज्याला पाणबुडीत ते काम करायचंय असा मेकॅनिक आणायचा, त्याला त्याच्या जागेवर उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे आणि अचानक ओरडायचं, 'पाणी!' त्याचा हात घाबरून जिथे जाईल तिथे सुतारानं खडूची खूण करायची. पाच माणसं, पाच खुणा, आणि मधोमध खुंटी. पद्धत साधी होती आणि फार शहाणपणाची होती. अंधारात माणूस विचार करत नाही, हातच काय तो करतो.

तर शेवटच्या दिवशी शिडीजवळचं ते एकच चाक राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला मोठे अधिकारी यायचे होते. मेकॅनिक पाचही जण दुसऱ्या कामावर अडकलेले. फोरमनचा जीव टांगणीला लागला होता. "अरे, तूच उभा राहा," तो मिस्त्रींना म्हणाला, "तुला काय हात नाहीत?" मिस्त्री उभे राहिले, डोळे मिटले. फोरमन बेंबीच्या देठापासून ओरडला. हात गेला. खूण झाली, खुंटी ठोकली, चाक बसलं.

चाकाला लाल रंग देताना मिस्त्रींच्या लक्षात आलं, की ब्रश डाव्या हातात आहे. ते तसेच थबकले. उजवीकडे, त्याच उंचीवर, चाकापुरती मोकळी जागा होती. रंग ओला होता. फोरमन घरी गेला होता. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

उद्या अधिकारी आले ते घोळक्यानं. त्यातल्या एकानं चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हे डावीकडे का?" फोरमननं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री तेव्हा हंगामी कामगार, लग्न ठरलेलं, कायम होण्याच्या यादीत नाव आहे की नाही याचा पत्ता नाही. त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "साहेब, उजव्या हातानं कठडा धरता येतो."

"वा!" अधिकारी म्हणाला. "याला म्हणतात डोकं!"

कागदावर सही झाली, शिक्का बसला. पुढच्या महिन्यात मिस्त्री कायम झाले. तेवढ्यावर गोष्ट संपती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पहिल्या पाणबुडीच्या लोकांनी ते चाक घोटून घोटून हाताखाली घातलं. माणसाला काय, सवय लावली की लागते.

पण दुसरी पाणबुडी चाचणीला खोल गेली तेव्हा चाचणीच्या तुकडीत एक चोवीस वर्षांचा मेकॅनिक होता. तो तीनच दिवसांपूर्वी दुसऱ्या गोदीतून आला होता, आणि तिकडे हे चाक उजवीकडे असायचं. मागच्या खोलीत पाइपचा एक जोड फुटला. दिवे गेले. शिडीजवळ तोच उभा होता. चाक बंद झालं, पाणबुडी वर आली, सगळे जिवंत परतले. पण पाण्याच्या फवाऱ्यानं त्याच्या जोडीदाराचा एक डोळा गेला. चौकशी बसली. चौकशीनं ड्रॉइंग पाहिलं, नमुन्यावरची सही पाहिली, शिक्का पाहिला. कागद बरोबर होता, म्हणजे चाक बरोबर होतं. राहता राहिला माणूस. अहवालात आलं : 'संबंधित मेकॅनिकला चाक बंद करण्यास अकरा सेकंद उशीर झाला.'

त्याला पाणबुडीवरून काढून टूलरूमच्या खिडकीत बसवलं. आणि गोदीतल्या टवाळांनी, ज्यांना कुणाचं बारसं करायला कधी बोलवावं लागत नाही, त्याचं नाव ठेवलं अकरा.

एकतीस वर्षं झाली. नाव का पडलं ते निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं. खिडकीपाशी यायचं, आपला नंबरचा पितळी बिल्ला टाकायचा आणि म्हणायचं, "अकरा, बावीसचा पाना." बिल्ला लाकडावर वाजायच्या आत पाना समोर असायचा. अशी चपळाई सगळ्या गोदीत कुणाची नव्हती. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मिस्त्रींना ते बघवत नसे. माणूस एकतीस वर्षं रोज, प्रत्येक पान्यागणिक, आपण मंद नाही हे सिद्ध करतोय, हे त्या खिडकीपाशी फक्त मिस्त्रींना दिसत होतं. स्वतः नोकरीत होते तोवर ते हत्यार आणायला दुसऱ्याला पाठवायचे.

हे सगळं मिस्त्रींनी सोमवारी सकाळी लेकीला सांगितलं. ती कामाला निघाली होती, एक चप्पल पायात आणि एक हातात. ऐकता ऐकता तशीच दारातल्या स्टुलावर बसली.

"मी त्यांना लहानपणापासून अकराकाका म्हणते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही एकदाही टोकलं नाहीत मला."

"कोणत्या तोंडानं टोकणार?"

"चौकशी झाली तेव्हा का नाही बोललात?"

"तू पोटात होतीस," मिस्त्री म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "नाही, ते कारण नको. घाबरलो. आणि नंतर, उशिरा बोललो तर इतके दिवस गप्प का होतो ते सांगावं लागेल, याला घाबरलो. दर वर्षी ते अजून अवघड होत गेलं."

लेकीनं हातातली चप्पल खाली टाकली. ती रागावली की तिचा आवाज बारीक व्हायचा. "पान बदलेन मी. साहेब माझं डोकं खातील, खाऊ देत. पण बाबा, त्यांना हे पुस्तकात वाचून कळता कामा नये. आधी तुम्ही जायचं. आजच."

"आज तपासणी आहे ना गोदीत, गर्दी..."

"आज," लेक म्हणाली, आणि दुसरी चप्पल घालून निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीनंतर टूलरूमपाशी सामसूम असते. मिस्त्री खिडकीपाशी न थांबता बाजूच्या दारानं आत गेले. दोन्ही बाजूंना छतापर्यंत रॅक, त्यांवर ओळीनं पाने, छिन्न्या, ड्रिल. अकरा खुर्चीवर बसून एका पक्कडीला तेल देत होता. कानावरचे केस पांढरे झालेले, हात मात्र तरण्या माणसाचे.

"या मिस्त्री! तुम्ही आणि इथे? वाट चुकलात काय?"

"चुकलो होतो," मिस्त्री म्हणाले. "बस तू. उठू नकोस. मला एक सांगायचंय, ते संपेपर्यंत काही बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं पुरं व्हायचं नाही."

आणि त्यांनी सांगितलं. फोरमनचं ओरडणं, खुंटी, ओला रंग, अधिकारी, ते खोटं वाक्य. काही वगळलं नाही. ग्रंथात खरं छापायचं लेकीनं ठरवलंय, तेही सांगितलं. अकराचे हात पक्कडीवर चालतच राहिले. तेल केव्हाच पुसून झालं होतं.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

मिस्त्रींनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याहून जड गेलं.

अकरा उठला. मिस्त्रींना खांद्याला धरून त्यानं खोलीच्या मधोमध, दोन रॅकच्या मध्ये उभं केलं. "डोळे मिटा."

"अरे..."

"मिटा म्हणतो ना."

मिस्त्रींनी डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेर कुठे तरी क्रेनची घंटा वाजत होती. मग कानाशी तो असा ओरडला, "पाणी!" की मिस्त्रींच्या काळजाचं पाणी झालं. डोळे उघडले तेव्हा त्यांचा डावा हात डाव्या रॅकवर होता आणि दोन पाने जमिनीवर पडले होते.

अकरानं त्या हाताकडे पाहिलं. मग स्वतः त्याच जागी उभा राहिला आणि डोळे मिटले. "आता तुम्ही."

"नको रे," ते म्हणाले.

"ओरडा, मिस्त्री. एवढं तरी करा माझ्यासाठी."

मिस्त्री ओरडले. म्हातारा, फाटका आवाज निघाला, पण पुरला. अकराचा उजवा हात सुटला तो उजव्या रॅकवर, छातीच्या उंचीवर, जाऊन थडकला. तो तसाच उभा राहिला. डोळे उघडले तरी हात काढला नाही. बोटं लोखंडावर आवळली होती, जणू तिथे काही फिरवायचं होतं.

"उजवाच," तो म्हणाला. "उजवाच जातो की हो. तेव्हाही असाच गेला असणार. पहिल्या क्षणाला गेला असणार." "मी शोधत होतो, मिस्त्री. मी थिजलो नव्हतो. मला वाटायचं मी थिजलो. माझी आई मरेपर्यंत सांगत होती लोकांना, पोरगं लहानपणापासूनच जरा मंद, त्याच्यावर रागावू नका. माझी बाजू घ्यायची बिचारी. आणि मलाही ते पटलं होतं."

मिस्त्री रडत होते. "मला काय हवं ते बोल," ते म्हणाले.

"काय बोलू? तुम्हाला मारलं तर हाड मोडेल तुमचं. म्हातारे झालात." तो वाकला, पडलेले दोन्ही पाने उचलून जागेवर लावले. "जा आता. मला आत्ता तुमचं तोंड बघवत नाही. उद्या बघवेल की नाही, ते उद्या बघू."

त्या दिवशी टूलरूमची खिडकी पहिल्यांदाच दोन तास बंद राहिली. बाहेर रांग लागली. लोक म्हणत होते, अकरा आजारी दिसतोय.

मंगळवारी तो दप्तरखान्यात गेला. लेक उभी राहिली. तिला काय म्हणून हाक मारावी ते सुचेना, म्हणून तिनं नुसती खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. "छापा," तो म्हणाला. "आणि माझी प्रत मला नको. ती माझ्या जोडीदाराला पाठवा. ज्याचा डोळा गेला, त्याला. पत्ता माझ्याकडे आहे. त्यानं माझं एकही पत्र उघडलं नाही, पण पुस्तक कदाचित उघडेल."

साहेबांनी अर्थातच खळखळ केली. वर्धापनाच्या ग्रंथात चुका कशाला, पाहुणे काय म्हणतील, वगैरे. लेक ऐकून घेत राहिली आणि जागची हलली नाही. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, की ज्यानं केलं त्यानं स्वतः लिहून सही करून दिलं तरच छापू. त्यांना वाटलं असावं, असं कोण देतंय.

मिस्त्रींनी गुरुवारी दिलं. छापून आलं ते एवढंच : 'शिडीजवळचं लाल चाक डावीकडे बसलं ती माझी चूक. मी डावखुरा. त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं म्हणून हात मी टाकला. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर खोटं कारण सांगितलं. चौकशी झाली तेव्हा गप्प बसलो. दुसऱ्या पाणबुडीवरच्या मेकॅनिकला उशीर झाला नव्हता. त्याचा हात बरोबर ठिकाणी गेला होता. चाक तिथे नव्हतं.' खाली मेकॅनिकचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. मिस्त्रींचा फोटो काढून टाकला होता. तो त्यांनीच काढायला सांगितला.

प्रकाशन झालं, भाषणं झाली. बहुतेकांनी ग्रंथ घरी नेऊन कपाटावर ठेवला. पण ते पान कुणी तरी सूचनाफलकावर लावलं, आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तिथे डोकी जमत होती. मिस्त्रींना बाजारात दोघा-तिघांनी ओळख दिली नाही. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, म्हणजे घेतलं, पण कुणाला दाखवलं नाही.

महिन्याभरानं ते पुन्हा गोदीत गेले. निमित्त पेन्शनच्या कागदाचं, पाय मात्र टूलरूमकडे वळले. खिडकीपुढे सात-आठ जण होते. मिस्त्री रांगेच्या शेवटी उभे राहिले. पुढच्यानं बिल्ला टाकला आणि सवयीनं म्हणाला, "अकरा, छोटी छिन्नी दे." म्हणताक्षणी त्यानं जीभ चावली. छिन्नी मात्र समोर आली होती.

मग मिस्त्रींनी मागूनच हाक मारली. नावानं, त्याच्या आईनं ठेवलेल्या नावानं, अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी.

तो खाली बघून बिल्ला खिळ्याला अडकवत होता. ही हाक आपल्याला आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मिस्त्री पुन्हा हाक न मारता थांबले; सगळी रांग थांबली. हळूहळू त्याचे हात थबकले, त्यानं मान वर केली, माणसांवरून नजर मागे मागे नेत मिस्त्रींपर्यंत आणली आणि म्हणाला, "ओ."

वेळ लागला त्याला. किती, ते कुणी मोजलं नाही.